दोन बोटं माया

आमच्या धंद्यात माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड. ब्लाउज पुढं आवळ झाला की आतली टीप उसवायची, माया बाहेर काढायची आणि नवी टीप मारायची. बारामती असो नाहीतर इंदापूर, बाई ब्लाउज शिवायला टाकून निघाली की दारातून मागं वळून म्हणतेच, "माया ठेवा हं आत." माझी निम्मी उमर हे वाक्य ऐकण्यात गेली. मधली काही वर्षं अशी आली की ते कानावर पडलं की माझं डोकं फिरायचं. माझी ती मिजास माझ्या भाचीच्या अंगाशी आली, तिला स्वतःच्या लग्नात शाल पांघरून बसायची पाळी येत होती, म्हणून हे सगळं सांगत बसलेय.

शिवायला मी आईकडून शिकले, कळसला. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचे आणि आई ओसरीवर पायमशीन मांडून गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. कापड कमी पडलं तर ती गळा लहान करायची, बाही आखूड करायची, पण माया सोडल्याशिवाय कात्रीला हात लावायची नाही. "बाईमाणसाचं अंग एका मापात कुठं राहतंय? लेकरू झालं की वाढतंय, दुखणं काढलं की उतरतंय. आत दोन बोटं सोड," असं म्हणून ती टेप न लावता खडूनं रेघ ओढायची. नंतर मी कधी मोजून बघितलं तर रेघ बरोब्बर दोन बोटांवर असायची.

लग्न होऊन बारामतीत आले. नवऱ्याच्या पगारात घर चालत होतं, पण मला हात बांधून बसवेना. बाजारातल्या एका गल्लीत गाळा घेतला, बाहेर 'लेडीज टेलर' अशी पाटी लावली आणि मशीन सुरू केलं. काम वाढलं तशी हाताखाली एक बाई ठेवली. सुप्याहून रोज एसटीनं यायच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायचे आणि त्या मला ताई. बोलायला कमी, हात मात्र असा सरळ की टीप पट्टीनं आखल्यासारखी यायची. आरीचं, म्हणजे मण्याखड्यांचं भरतकाम मी बाहेरून करून घ्यायचे, कापायचं माझ्याकडं आणि शिवायचं मावशींकडं.

मग चांगली वर्षं आली. डाळिंबाला भाव होता, द्राक्षाला भाव होता, एमआयडीसीतल्या पोरांना ओव्हरटाइम मिळत होता, आणि त्यातला बराचसा पैसा लग्नात अंगावर चढत होता. नवऱ्या मुली मोबाइलमध्ये फोटो घेऊन यायच्या. कुठल्या नटीनं कुठं घातलेला ब्लाउज, पाठीवर अख्खी पालखी भरलेली, बाहीवर नवरानवरीचं चित्र. "अस्संच पायजे," म्हणायच्या. मी पण तसंच करून द्यायचे. पाटी बदलून 'डिझायनर ब्लाउज' अशी केली, आत मोठा आरसा लावला, एक पुतळा आणला. पाटी लावली त्या दिवशी घालायला मावशींनी मला बाटलीहिरव्या रंगाचा एक ब्लाउज शिवून दिला होता. त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "गिऱ्हाइकासमोर मला ताई म्हणू नका. मॅडम म्हणा." त्यांनी "बरं" म्हटलं आणि तेव्हापासून गिऱ्हाईक असो नसो, मॅडमच म्हणायला लागल्या.

डिझायनर ब्लाउज अंगाला चिकटून बसावा लागतो. आत मायेची घडी आली की बगलेत जाड दिसतं, फोटोत वळी पडते. पुण्यात एका मोठ्या दुकानात मी बघून आले होते, तिथले ब्लाउज आतून असे कोरे, की माया नावाला नाही. झालं. मी नियमच केला. पहिल्या ट्रायलपर्यंत माया ठेवायची, फिटिंग बरोबर बसलं की कात्रीनं उडवायची आणि अस्तर आतून बंद करून टाकायचं, म्हणजे कुणाला आतलं काही दिसायलाच नको. कुणी "माया ठेवा" म्हटलं की मी म्हणायचे, "डिझायनरला माया नसते हो." हे वाक्य मला फार आवडायचं. त्यात मी कळसची राहत नव्हते.

मावशींचं तेवढं एक चुकायचं. ट्रायल झाल्यावर ब्लाउज संपवायला त्या फार वेळ लावायच्या. इस्त्रीपाशी उभ्या राहायच्या तर राहायच्याच. दाबून दाबून इस्त्री करायच्या, पाण्याचा हबका मारायच्या, पुन्हा दाबायच्या. मी ओरडायचे, "अहो मावशी, ब्लाउज आहे का पापड लाटताय?" त्या इस्त्री आणखी दाबायच्या.

त्याच वर्षांत माझ्या मोठ्या भाचीचं लग्न ठरलं. माझा थोरला भाऊ कळसची थोडी बागायत बघून एमआयडीसीत कामाला जायचा, त्याला दोन मुली. थोरलीचा लग्नातला ब्लाउज माझ्या दुकानाचा नमुना व्हावा असं मी मनात धरलं होतं. शालूच्याच ब्लाउजपीसवर पाठभर काम केलं, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भरल्या. ट्रायलला वहिनी बरोबर आल्या होत्या. दुकानात तेव्हा चांगल्या घरच्या चार बायका बसलेल्या. वहिनी ब्लाउजवरून हात फिरवत मला म्हणाल्या, "वन्सं, आत जरा माया सोडा. धाकटी हाडापेरानं मोठी हाय, पुढं तिलाबी होईल."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "वहिनी, हे डिझायनर आहे. मी पोती शिवत नाही."

त्या चार बायका हसल्या. वहिनीपण हसल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. ते हसणं मला तेव्हाच कळलं होतं, कळलं नाही असं मी म्हणणार नाही. लग्न थाटात झालं, ब्लाउजचे फोटो गावभर फिरले, आणि वहिनी पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. सणावाराला मी कळसला गेले की चहा मिळायचा, जेवण मिळायचं, पण पूर्वीसारखं चुलीपाशी बसून बोलणं संपलं. आई गेल्यानंतर माझं माहेर म्हणजे त्या एक वहिनीच होत्या. तोंडाला आवर घातला असता तर काय बिघडलं असतं माझं?

मंदी आली, पण ती मंदी आहे असं कुणी सांगितलं नाही. एमआयडीसीत आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग काही कारखान्यांत एक पाळी कमी झाली. माझ्या भावाला आठवड्यातले तीनच दिवस बोलवायला लागले. बाजारात डाळिंबाचे ढीग पडून, आणि सोनं मात्र रोज वर. मला मंदी कळली ती ब्लाउजवरून. आधी पुढचं भरतकाम गेलं. "पदर येतोच की त्याच्यावर," म्हणायच्या. मग पाठीवरचं गेलं. "केसाचा शेपटा येतो, गजरा येतो, कुणाला दिसतंय?" शेवटी उरल्या नुसत्या बाह्या, कारण हात जोडताना, मेंदी दाखवताना फोटोत बाह्या येतात. पुढं पुढं तर एक बाई जुन्या ब्लाउजच्या भरलेल्या बाह्या उसवून घेऊन आली आणि म्हणाली, ह्या नव्याला जोडा.

रंगसुद्धा बदलले. आधी प्रत्येक साडीला तिचा तिचा ब्लाउज लागायचा. आता सगळ्या सोनेरी मागायला लागल्या, कारण सोनेरी कशावरही चालतो. एका सोनेरी ब्लाउजवर चार लग्नं निघायची, आणि जावाजावांत तो फिरायचा तो वेगळाच. घागरे भाड्यानं मिळायला लागले. आणि ह्यातलं काही कुणी हात आखडला म्हणून करतंय असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी, 'सोबर'. "मॅडम, आता सोबरची फॅशन आहे. भरगच्च नको." मोबाइलमधल्या नट्यासुद्धा साध्या साड्यांत दिसायला लागल्या होत्या, त्यामुळं बोलायला जागा झाली. मी पण मान हलवायचे, "हो हो, सोबरच छान दिसतं."

नव्या कामाला ओहोटी लागली आणि जुनी गिऱ्हाइकं परत यायला लागली ती पिशवीत जुना ब्लाउज घेऊन. त्याच चांगल्या वर्षांतले, मीच शिवलेले. बाळंतपणं झालेली, अंगं सुटलेली. "मॅडम, दोन हूक लागत न्हाईत. जरा उसवून द्या. नवा काय आत्ता शिवायचा न्हाय." मी ब्लाउज हातात घेऊन वळवून परत द्यायचे. "ह्याला माया नाही हो. डिझायनर आहे ना." पहिल्यांदा हे मी ऐटीत म्हटलं असेन. दहाव्यांदा म्हणताना जीभ जड झाली. सुप्याकडच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, पाठीवर मोराचं काम असलेला ब्लाउज घेऊन. भावाच्या लग्नाला तोच घालायचा होता त्यांना. मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं महागाचं शिवलं आणि एकदाच घालायचं होतं होय?" मावशी मशीनवर बसून होत्या. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

दिवाळी झाली आणि लग्नसराईचं काम आलंच नाही. दोघींना पुरेल इतकं तर नव्हतंच. मावशींना सांगायला हवं होतं की काम नाही. एवढे दोन शब्द. पण पाटीवर 'डिझायनर' लिहिलेलं, पुतळा समोर उभा, आणि मंदी म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना म्हणाले, "मावशी, तुमचा हात आता जड झालाय. एकेका ब्लाउजला किती वेळ लावता, इस्त्रीवर किती उभं राहता. थोडे दिवस घरी आराम करा. काम आलं की फोन करते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पार नजर हटेपर्यंत बघितलं, आणि नजर माझीच हटली. मग स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळली, बोटातलं अंगुस्तान पर्समध्ये टाकलं आणि "येते मॅडम" म्हणून गेल्या. मी फोन केला नाही. करणार नव्हतेच, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनी आल्या. इतक्या वर्षांनी दारात त्यांना बघून मला आधी आनंदच झाला. बरोबर धाकटी भाची होती. तिचं लग्न नरसिंहपूरच्या बाजूला ठरलं होतं, हळदीला नऊ दिवस राहिले होते. वहिनींनी पिशवीतून कागदात बांधलेला ब्लाउज काढून टेबलावर ठेवला. थोरलीचाच.

"हिच्या आंगाला बसंना," त्या म्हणाल्या. "शालू थोरलीचाच नेसवायचा ठरलाय. तिकडच्या लोकांनी काय मागितलं न्हाय, पर बस्त्याला आमी बी हात आखडताच घेतला. तुमच्या भावाचं तुमाला ठावं हाय."

मी म्हणाले, "वहिनी, मी नवा करून देते. माझ्याकडून."

"फुकटचं नगं."

"फुकटचं कसलं? आत्या आहे मी तिची."

"तुमी तवाबी आत्याच हुता. शालूच्या कापडावरचं हे काम नऊ दिसांत होतंय का? खरं सांगा."

होत नव्हतं. तसं काम करायला आरीवाल्याला पंधरा दिवस लागले होते, आणि शालूचं ते कापड आता बाजारात कुठून आणणार? दुसरा साधा ब्लाउज चालला असता, पण शालू थोरलीच्या लग्नात सगळ्या पै-पाहुण्यांनी बघितलेला. ब्लाउज बदललेला दिसला की बायका दोन मिनिटांत ओळखणार, मांडवात कुजबुज सुरू होणार. वहिनींना नेमकं तेच नको होतं. त्यांनी तिकडं सांगून ठेवलं होतं की धाकटीला थोरलीचाच शालू मनापासून हवाय, दोघी बहिणींनी एकच नेसायचा अशी पोरींची हौस आहे. हात आखडल्याला हौस म्हणायचं. आमच्याकडं सगळे तेच करत होते.

मी भाचीला ब्लाउज घालून बघायला लावला. पुढचे हूक चार बोटं लांब राहत होते. ती श्वास आत ओढून उभी राहिली तरी तीन बोटं. तिचा चेहरा मला उतरलेला वाटला. मी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तिनं आईकडं बघितलं. वहिनीच म्हणाल्या, "आठ दिस झालं एकवेळ जेवतीय. आत्या माया ठेवत न्हाय, तवा मीच बारीक होते म्हणती."

मुलगी उपाशी राहतेय. माझ्या एका टोमण्यापायी, मी उडवून टाकलेल्या दोन बोटं कापडापायी एक पोर लग्नाच्या तोंडावर उपाशी राहतेय. मी तिला तिथंच बसवलं, समोरून वडापाव मागवला आणि माझ्यासमोर खायला लावला. तिनं निम्मा खाल्ला.

"बघा काय करता येतंय का," वहिनी उठता उठता म्हणाल्या. "न्हाय झालं तर हूक उघडं ठेवून वरनं शाल घेऊन बसंल. उन्हातान्हात शाल म्हणून लोक हसतील, हसू द्या. मी तवाच म्हणलं हुतं तुमाला."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, दार अर्धं ओढून घेतलं आणि ब्लाउज घेऊन बसले. एकच मार्ग होता. बगलेखाली दोन्हीकडं दुसऱ्या कापडाचा जोड द्यायचा. रंग जुळणार नव्हता, हात वर केला की दिसणार होता, पण हूक तरी लागले असते. जोड द्यायचा तर अस्तर उघडायला हवं. मी ब्लेड घेतलं आणि आतून बगलेची टीप उसवायला सुरुवात केली. दोन इंच उसवलं, अस्तर बाजूला केलं, आणि कापडाची कापलेली कड दिसेल म्हणून बघते तर कड नाहीच. घडी होती. चपटी, दाबून दाबून बसवलेली, पांढऱ्या दोऱ्याच्या तिरक्या कच्च्या टाक्यांनी अस्तराला धरून ठेवलेली. मी बोट लावून बघितलं. दोन बोटं.

मला आधी वाटलं, चुकून राहिली असेल. दुसरी बाजू उसवली. तिथंही तेवढीच. बाहीच्या आत, तिथंही. मावशींचे ते तिरके टाके मी कुठंही ओळखले असते. एवढं बारीक, एवढं सपाट करून ती माया आत झोपवली होती की बाहेरून मला, मला, इतक्या वर्षांच्या शिवणाऱ्या बाईला कधी कळली नाही. मग इस्त्रीपाशी उभं राहणं आठवलं. पाण्याचे हबके आठवले. मायेच्या उडवलेल्या पट्ट्या कचऱ्यात कधी दिसल्याच नव्हत्या, हेही तेव्हा आठवलं. केर त्याच काढायच्या.

पुतळ्याच्या अंगावर एक जुना नमुना ब्लाउज वर्षानुवर्षं चढवलेला होता. तो काढून मी उसवला. त्यातही होती.

भाचीचं काम झालं होतं, त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही असं नाही. पण डोळ्यांसमोर येत होत्या त्या सगळ्या बायका, ज्यांना मी ब्लाउज वळवून परत दिला होता. माया नाही हो. माया नाही हो. एकाही ब्लाउजचं अस्तर मी उघडून बघितलं नव्हतं. कशाला बघायचं, हुकूम माझाच होता ना? त्या प्रत्येकीचं काम माझ्या टेबलावर आलं होतं. उसवायचं, सैल करायचं, पुन्हा शिवायचं काम. मावशींना घरी पाठवायचं कारणच पडलं नसतं इतकं काम मी रोज दारातून परत पाठवत होते.

माया सोडून नवी टीप मारली आणि ब्लाउज भाचीला बसला. बगलेत बाहेर आलेल्या मायेचा रंग जरा गडद दिसत होता, पण ते कापड त्याच शालूचं होतं. तिनं हात वर केले, खाली केले, आणि आरशात बघून पहिल्यांदा हसली. वहिनींनी ब्लाउज उलटा करून आतून बघितला. टाक्यांवरून बोट फिरवलं. "तुमी ठेवली हुती व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पूर्वीचं काहीतरी आलं होतं आणि मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं ते. वहिनी परत मिळाल्या असत्या.

"नाही वहिनी," मी म्हणाले. "मी उडवायला सांगितली होती. सुप्याच्या मावशींनी ऐकलं नाही माझं."

वहिनींनी ब्लाउज सुलटा केला. मग ब्लाउजची घडी घालत म्हणाल्या, "मग लग्नाला त्यांनाबी बोलवा."

आमंत्रण द्यायला मी दुसऱ्या दिवशी एसटीनं सुप्याला गेले. रोज ज्या गाडीनं मावशी यायच्या तीच, उलट्या दिशेनं. अंगावर तोच बाटलीहिरवा ब्लाउज होता, उगाच नाही, शोधून घातला होता. वर्षभरात माझंही अंग सुटलंय, उन्हात बगलेत काचत होतं. मावशींचं घर बाजारापासून जवळच निघालं. त्या पडवीत मशीनवर बसल्या होत्या. मागं दोरीवर पाच-सहा ब्लाउज टांगलेले. त्यातला एक मी लांबूनच ओळखला, पाठीवर मोर असलेला. शाळेतल्या बाई मी नाही म्हटल्यावर गप्प बसल्या नव्हत्या. ज्या हातांनी शिवला त्या हातांकडं त्या आल्या होत्या. त्यांच्या मागून आणखीही.

मावशींनी पाणी दिलं. मी आमंत्रण दिलं, सगळं सांगितलं. मग विचारलं, "मी उडवायला सांगितली होती ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

"एकदा उडवली हुती. पयल्याच ब्लाउजाची," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर जेवण गेलं न्हाय. मग पुन्यांदा न्हाय उडवली."

"तुम्ही दुकानात असतानाच कितीतरी बायका परत आल्या होत्या. मी तुमच्यासमोर त्यांना नाही म्हणत होते. तेव्हा तरी बोलायचं होतं, मावशी."

त्यांनी दाराकडं बघितलं. "गिऱ्हाइकाम्होरं बोलले असते तर तुमी खोट्या पडला असता. मला वाटलं, एकदा तरी उसवून बघाल."

मला वहिनी आठवल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत हसणाऱ्या. बाईला चार लोकांत खाली बघायला लावू नये एवढं ह्या बाईला कळत होतं आणि मला कळलं नव्हतं. मी म्हणाले, "तुमचा हात जड झाला नव्हता. काम नव्हतं. मला ते म्हणता आलं नाही."

"ठावं हाय की. दुकानात दिसाला किती बाया येत्यात ते मलाबी दिसत हुतं."

"परत याल?"

त्यांनी दोरीवरच्या ब्लाउजांकडं बघितलं, मग मान हलवली. "आता न्हाय जमायचं. हितंच बरं चाललंय. लग्नाला येते मात्र."

मी उठले. पिशवी खांद्याला लावायला हात वर केला तशी बगलेत पुन्हा शिलाई काचली आणि मी हात मध्येच थांबवला. मावशींच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी मशीनवरूनच माझ्या हिरव्या ब्लाउजकडं बघितलं.

"त्यातबी ठेवलीय, ताई," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर उसवा."